तापाची पंगत

ताप घरात शिरतो तो पाहुण्यासारखा. प्रथम एकटाच येतो आणि मागाहून आपले सारे गणगोत बोलावून घेतो. सोमवारी धाकटी शाळेतून येते ती दप्तर कोपऱ्यात टाकते आणि काही न खाता आईच्या मांडीवर डोके ठेवते. बुधवारी थोरल्याचे अंग मोडून येते. शुक्रवारी वडील कचेरीतून लवकर परततात आणि 'काही नाही, जराशी कणकण आहे' असे म्हणत दोन पांघरुणे ओढून घेतात. रविवारी आजोबांचा खोकला सुरू होतो. सकाळी गुंडाळायची अंथरुणे दिवसभर पसरलेलीच राहतात, आणि घराला घर म्हणावे की इस्पितळ असा प्रश्न पडतो.

हा क्रम योगायोगाचा नसतो. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत साधारणपणे एक ते चार दिवस जातात. शिवाय रोग्याला स्वतःला काही जाणवण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना रोग वाटू लागतो. म्हणजे धाकटीने सोमवारी डोके टेकले खरे, पण रविवारी रात्री थोरल्याच्या मांडीला मांडी लावून जेवतानाच तिने त्याचा वाटा त्याला देऊन ठेवला असावा! खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, हात साबणाने धुणे, शक्य तर आजाऱ्याला वेगळी खोली देणे, याने ही साखळी तुटू शकते. पण दोन खोल्यांत सहा माणसे नांदत असतील, तर तापाची पंगत बहुधा बसतेच.

आणि पंगत म्हटली की वाढपी आलाच. सर्वांची ताटे आटोपल्यावर वाढणाऱ्याने बसायचे, ही आपली रीत. आजारपणातही तीच चालते. मुलांना मऊ भात आणि मेतकूट, आजोबांना मुगाचे कढण, वडिलांना आल्याचा चहा, शिवाय कोणाची गोळी किती वाजता, कोणाच्या कपाळावरची पट्टी सुकली, हे सारे एकाच डोक्यात असते. आईची पाळी सर्वांत शेवटी येते असे आपण म्हणतो. खरे पाहता तिचा ताप पुष्कळदा आधीच आलेला असतो. तो मोजायला कोणी थर्मामीटर लावलेला नसतो, इतकेच.

अशा दिवसांत कृतज्ञता वगैरे शब्द उच्चारणे धाडसाचेच. 'आजारी पडलात ते एका अर्थी बरेच झाले' असे कोणी डोके ठणकत असताना सांगू लागला, तर त्याच्या अंगावर ती ओली पट्टी खुशाल फेकावी. आजाराचे आभार मानण्याचे काहीच कारण नाही. पण आजारात जे हात पुढे येतात, ते मात्र पडल्यापडल्या फार स्पष्ट दिसतात. एरवी पाण्याचा तांब्या आपोआप भरतो असेच आपल्याला वाटत असते!

ताप पाळीपाळीने येतो, यातही एक सोय आहे. जी पहिली पडली ती पहिली उठते. ज्या धाकटीला सोमवारी आई भरवत होती, ती रविवारी आजोबांच्या उशाशी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून उभी असते. घरच्या शुश्रूषेतला हा वाटा तिला कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता.

ही सोय साऱ्यांच्या नशिबी नव्हती. १९१८ च्या जून महिन्यात फ्लूची साथ मुंबईत आली आणि पावसाळा सरताना तिची दुसरी, अधिक भयंकर लाट उसळली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. लस नव्हती, माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तोच मुळी १९३३ साली. सबंध घरच्या घर एकदम आडवे होई, तिथे घोटभर पाणी द्यायला कोणी उभे असणे हीच केवढी दौलत!

त्याआधीच्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी तर आजारी मुलाला पाठीवर घेतले आणि पुण्याजवळ डॉ. यशवंत यांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, उघडलेल्या दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पोर परक्याचे, पाठ मात्र त्यांची. अगदी अलीकडे, २०२० च्या करोनातही, दाराच्या कडीला डबा अडकवून, बेल वाजवून, मुकाट्याने जिना उतरून जाणाऱ्या शेजारणी आपण पाहिल्या आहेत.

तेव्हा प्रश्न उरतो तो हे ऋण फेडायचे कसे, हा. नुसते 'किती केलंत हो!' म्हणून ते फिटत नाही. आईला बरे वाटेनासे झाले की तिच्या हातातला झारा काढून घ्यावा आणि तिला चार दिवस निजू द्यावे. पोळ्या वातड झाल्या तरी त्या गोड मानाव्यात. कामाच्या मावशींना 'सध्या येऊ नका, तुमच्या मुलांना लागेल' असे सांगणे योग्यच आहे. पण महिनाअखेर तेच दिवस पगारातून कापले, तर आपली कृतज्ञता बेगडी ठरते. आजोबांच्या खोकल्याला 'वयोमानाचा' म्हणून सोडून देऊ नये. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा माणूस गुंगीत राहू लागला, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. फ्लूची लस दरवर्षी घेता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तिच्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

आणि सारी मंडळी उठून बसली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहावे. तिथे शेजारचे दोनतीन डबे घासून पालथे घातलेले असतील. डबा रिकामा परत करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. दिवाळी तोंडावर आहे. चकली, चिवडा भरून ते डबे ज्याच्या त्याच्या घरी जाऊ द्यात. फक्त चकल्या पाडायला या खेपेस एकट्या आईने बसू नये. तिने ज्यांना ज्यांना पेज भरवली, त्या साऱ्यांनी सोऱ्याभोवती जमावे.