बोटीवरचा टीव्ही आणि आखाताची हवा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत एक रडार होतं. त्याच्या लहरींची लांबी दीड मीटर, म्हणजे पुढे टीव्हीनेही वापरलेल्या लहरींच्या घरातली. पृथ्वी गोल असल्याने अशा रडारला समुद्रात क्षितिजापलीकडचं फारसं काही दिसू नये. पण पावसाळ्याबाहेरच्या कोरड्या, तापलेल्या दिवसांत त्याला हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत! लहर मुंबईहून निघून तिकडे आपटून परत यायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जेमतेम जास्त वेळ लागे.

ही करामत रडारची नव्हती, हवेची होती. आज दुबईच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकलेल्या बोटीवर कुणी टीव्ही लावतो तेव्हा त्याची गाठ त्याच हवेशी पडते. उपग्रहाची छत्री न लावता, किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावरून थेट येणारं डिजिटल चित्र बोटीवर स्वच्छ दिसावं असं वाटत असेल, तर आधी समुद्र आणि त्यावरची हवा लहरींचं काय करतात ते समजून घ्यावं लागतं.

सुरुवात पाण्यापासून करू. अँटेनाकडे लहर दोन वाटांनी येते: एक थेट मनोऱ्यावरून, दुसरी समुद्राच्या पृष्ठभागावर आपटून. पाण्याला अगदी तिरपी घासून परावर्तित होणारी लहर उलटी होते. तिचा चढ तिथे उतार होतो. पाण्यालगत या दोन्ही लहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. जसजसं वर जावं तसा दोन वाटांच्या लांबीतला फरक वाढतो आणि सिग्नल जिवंत होत जातो. मनोरा 30 किलोमीटरवर असेल, तर अँटेना 4 मीटरवरून 8 मीटरवर नेल्यावर सिग्नलची शक्ती दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते. एकही नवं यंत्र न घेता, फक्त डोलकाठीवर चढवून!

मात्र ही कमाई केबल खाऊन टाकू शकते. टीव्हीचं प्रक्षेपण सुमारे 500 मेगाहर्ट्झवर असेल, तर हलक्या, पातळ केबलच्या 20 मीटरमध्ये तीन चतुर्थांश शक्ती विरून जाते. म्हणून केबल जाड आणि शक्य तितकी आखूड हवी, आणि तिचे सांधे खाऱ्या वाऱ्यापासून पक्के झाकलेले हवेत. अँप्लिफायर लावायचाच तर तो वर, अँटेनाच्या पायथ्याशी. खाली टीव्हीजवळ लावला, तर केबलमध्ये दुबळ्या झालेल्या सिग्नलबरोबर तिथला गोंगाटही तो तितकाच मोठा करतो.

बोट डोलते, त्याची मात्र फार धास्ती नको. ती 20 अंश कलली तरी आडव्या अँटेनाची जेमतेम आठवा हिस्सा शक्ती जाते. खरी अडचण बोट नांगराभोवती फिरते तेव्हा होते. एकाच दिशेला पाहणारा अँटेना मनोऱ्याला पाठ दाखवतो. म्हणून अशा बोटीवर सर्व दिशांनी ऐकणारा, थाळीसारखा चपटा अँटेना बसवतात. त्याची पकड कमी, पण तो कुणाकडेच पाठ करत नाही.

दुबई मरीनाच्या गगनचुंबी इमारतींमध्ये बोट उभी असेल, तर प्रत्येक भिंतीवरून एकेक प्रतिध्वनी येतो. जुन्या टीव्हीवर अशा वेळी चित्राला सावल्या पडत, सिग्नल दुबळा झाला की मुंग्या येत. डिजिटल पद्धतीने यावर विलक्षण तोड काढली. डीव्हीबी-टी या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीच्या एका मांडणीत चित्राची माहिती एकाच वेळी 6,817 बारीक उपलहरींवर वाटलेली असते. प्रत्येक संदेशाआधी 224 मायक्रोसेकंदांपर्यंतची राखीव जागा सोडता येते. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर 67 किलोमीटर कापते. म्हणजे प्रतिध्वनी एवढ्या लांबच्या वळशाने आला, तरी त्याने चित्र बिघडत नाही!

मग किनारा जवळ, अँटेना उंच, केबल उत्तम, आणि तरीही एखाद्या दिवशी चित्राचे चौकोन होऊन ते फुटतं, ते का? इथे मुंबईच्या रडारवाली हवा पुन्हा समोर येते. 1996 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश हवामान खात्याच्या सी-130 संशोधन विमानाने दुबईसमोरच्या आखातावरची हवा मोजली. वाळवंटातली उष्ण, कोरडी हवा तुलनेने थंड पाण्यावर सरकते. तिचा खालचा थर थंडावतो, त्याला पाण्याची वाफ मिळते, आणि वर मात्र कोरडी उष्ण हवा तशीच राहते. त्यामुळे ओलावा खालीच कोंडला जातो. या दोन थरांच्या सीमेवर रेडिओलहर पृथ्वीच्या वक्रतेहूनही जास्त खाली वाकते, समुद्रावर आपटते, पुन्हा वर जाऊन पुन्हा वाकते, आणि क्षितिज ओलांडून पुढे निघते. या अदृश्य बोगद्याला शास्त्रज्ञ डक्ट म्हणतात.

दुबईपासून समोरचा इराणचा किनारा सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. एरवी तिथल्या टीव्हीच्या लहरी वक्रतेआड राहतात. डक्ट तयार झाला की त्या पाणी ओलांडू शकतात. 2006 च्या जिनिव्हा करारात डिजिटल वाहिन्यांची वाटणी करताना शत-अल-अरब नदीपासून ओमानच्या आखातापर्यंतच्या समुद्राला लहरींच्या हिशेबात वेगळा विभाग मानलं गेलं, ते याचमुळे.

दूरचं केंद्र त्याच वाहिनीवर असेल, तर टीव्हीला दोन वेगळे कार्यक्रम एकावर एक ऐकू येतात, आणि राखीव जागा इथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद भरपूर आणि दर्जा मात्र घसरलेला दिसतो. अँप्लिफायर वाढवून काहीच सुधारत नाही, तो नको असलेल्या केंद्रालाही तेवढाच मोठा करतो. स्थिर उभ्या बोटीवर उपाय एकच: एकाच दिशेला पाहणारा अँटेना लावायचा आणि पाहुण्या केंद्राकडे त्याची पाठ करायची. जो गुण नांगरावर फिरणाऱ्या बोटीला नडत होता, तोच धक्क्याला बांधलेल्या बोटीला वाचवतो. म्हणून आखातात अँटेना विकत घेण्याआधी दोनच गोष्टी पाहाव्यात: बोट कशी उभी राहणार आहे, आणि वारा वाळवंटाकडून येतो आहे का.