भिंतीच्या दोन बाजू, दोन वाटाडे

अभ्यास दौरा आपल्या गटांना नवा नाही. मागे आम्ही पंधराजणी जीप करून शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. दारोदारी रांगोळ्या, हातात फुलं, सगळं कसं छान चाललंय म्हणून भाषणं. कपबशा विसळायला आमची एकजण मागच्या दारी गेली, तेव्हा तिथल्या बाईनं हळूच सांगितलं, "दोन आळ्यांचं भांडण आहे. अर्ध्या बाया बैठकीलाच येत नाहीत." परतताना जीपमध्ये आम्ही बोललो ते फक्त त्यावरच.

आज अशाच दौऱ्यांबद्दल बोलू, पण लांबच्या गावच्या. उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट शहर. हा मुलूख ब्रिटनच्या राज्यात आहे. लोकसंख्या साधारण आपल्या जालना जिल्ह्याएवढी. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे बहुतेक प्रॉटेस्टंट, आयर्लंडला जोडा म्हणणारे बहुतेक कॅथलिक. दोघेही ख्रिस्तीच. भांडण प्रार्थनेचं नव्हतं. घर, नोकरी, मताचा हक्क आणि राज्य कुणाचं, याचं होतं. सुमारे ३० वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं गेली. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला.

आता तिथं आठ-दहा जणांचे छोटे गट फिरायला जातात. डोंगर-समुद्र बघायला नव्हे, हे भांडण समजून घ्यायला. काहीजण काळ्या टॅक्सीतून फिरतात. दंगलीत बस बंद पडायच्या, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी माणशी भाडं घेऊन या टॅक्सी चालवल्या. आपल्या काळी-पिवळीसारख्याच! त्यांतच आता पाहुणे बसतात.

काही दौऱ्यांची रीत आम्हाला फार पटली. कॅथलिकांच्या फॉल्स रोडवर त्या बाजूचा जुना कैदी वाटाड्या असतो. तो बॉबी सँड्सचं भिंतीवरचं चित्र दाखवतो. सँड्स १९८१ मध्ये तुरुंगात ६६ दिवस उपोषण करून मेला. मग सगळे चालत उंच भिंतीपाशी येतात. तिथं पहिला वाटाड्या थांबतो आणि पलीकडचा, एकेकाळचा त्याचा शत्रू, गट ताब्यात घेतो. तो शँकिल रोडवर नेतो. १९९३ मध्ये तिथल्या मासळीच्या दुकानात बॉम्ब फुटला, तो ठेवणाऱ्यासह दहाजण मेले, ती जागा दाखवतो. एकाचा हुतात्मा तो दुसऱ्याचा खुनी. एका गावाचं नावसुद्धा एक डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी. नुसत्या नावावरून माणूस कुठल्या बाजूचा, ते कळतं. गट लहान असला की थांबून विचारता येतं. पन्नासजणांच्या बसमधून कोण विचारणार?

पण खटकणारंही आहे. ज्यांनी हत्यारं उचलली त्यांनीच आता गोष्ट सांगून पैसे मिळवायचे का, हा प्रश्न तिथंही विचारला जातो. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना तो दुखतो. पाहुणे भिंतीवर नावं लिहून, फोटो काढून निघून जातात; भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या दारावरून मात्र रोज गाड्या. आणि ती भिंत उभीच आहे. २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती पाडू असं सरकारनं ठरवलं होतं, ते झालं नाही. काही फाटकं आजही रात्री बंद होतात.

आमची दुसरी तक्रार म्हणजे, या गोष्टीत बाया कमी दिसतात. खरं तर १९९६ मध्ये दोन्ही बाजूंच्या बायांनी मिळून महिलांची आघाडी काढली. अवघ्या काही आठवड्यांत निवडणूक लढवली आणि मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सेगर वाटाघाटींना बसल्या. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. त्या बोलायला उठल्या की काही पुरुष गाईसारखे हंबरायचे! तरी करारात पीडितांचा आणि मुलांनी एकत्र शिकण्याचा मुद्दा त्यांनी आणलाच. त्याआधी, १९९० च्या सुमारास, नगरपालिकेनं फॉल्सच्या महिला केंद्राचं अनुदान काढलं, तेव्हा भिंतीपलीकडच्या शँकिलच्या महिला केंद्रातल्या बाया त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. अशा केंद्रात बसून चहा प्यायला मिळाला, तर त्या दौऱ्याचे पैसे वसूल, असं आम्हाला वाटतं.

पुढच्या महिन्यात आपला दौरा ठरतोय. यजमान गटाच्या अध्यक्षताईंना आम्ही फोन केला, "ताई, रांगोळी नको. जेवण एका आळीत ठेवा, चहा दुसऱ्या आळीत." त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "विचारून सांगते."