दूरस्थ सर्व्हरवर लिनक्स बसविणें

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता कसाल येथें फुटतो. अशा गांवच्या एखाद्या कचेरींत सर्व्हर ठेवावयाचा, आणि जाणकार मात्र पुण्यास, असा प्रसंग येतो. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेली लिनक्स प्रणाली बसवितांना यंत्र भाषा, वेळ, डिस्कचे भाग, परवलीचा शब्द असे प्रश्न विचारतें. तेवढ्यासाठीं जाणकारानें घाट उतरून यावें, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे.

हीं उत्तरें आधींच एका फाइलींत लिहून ठेवतां येतात. रेड हॅटच्या परिवारांत तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्यें प्रीसीड. 'ओईएमडीआरव्ही' असें नांव दिलेल्या पेनड्राइव्हवर 'केएस डॉट सीएफजी' ही फाइल असली, तर रेड हॅटची प्रणाली बसवितांना ती आपोआप वाचली जाते. मूळ प्रणालीचा पेनड्राइव्ह निराळा. कसालच्या माणसानें दोन्ही लावून यंत्र सुरू करावयाचें, इतकेंच.

खरा धोका डिस्क पुसण्याच्या आज्ञेंत आहे. जुन्या हिशेबांची दुसरी डिस्क यंत्रांत असल्यास तीहि न विचारतां पुसली जाईल. फाइलींत नेमकी डिस्क लिहावी. जुनी काढूनच ठेवली, तर उत्तम.

दुसरी अडचण विनोदी वाटेल. यंत्र प्रत्येक वेळीं पेनड्राइव्हच प्रथम पाहूं लागलें, तर काम संपून पुन्हां सुरू होतांच तें सर्व नव्यानें बसवूं लागतें! म्हणून क्रमांत डिस्क पहिली ठेवावी. कोरी असतांना तिच्यावर कांहीं न सांपडल्यानें यंत्र पेनड्राइव्हकडे वळतें. नंतर वळत नाहीं. जाणकाराची एसएसएच किल्लीहि त्याच फाइलींत घालावी, म्हणजे पुढील काम पुण्याहून चालतें.