पगारापायी गहाण पडलेला नळदुर्ग

२१ मे १८५३ च्या तहानं निजाम नासिरुद्दौला यांच्याकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. हा मुलूख कंपनीनं लढून घेतला नव्हता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार भागवण्यासाठी तो तोडून घेतला. आपल्या धाराशिव जिल्ह्याविषयी लिहिताना नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालावर पानंच्या पानं खर्च होतात, आणि १८५३ ते १८६० ही कंपनीच्या अमलाची सात वर्षं दोन ओळींत उरकली जातात. खरं तर कंपनीची सत्ता कशी पसरली, हे त्या सात वर्षांइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. शिपायाला वेळेवर मिळणारा पगार ही कंपनीची मोठी ताकद होती, आणि त्याचा बोजा पडला तो त्या फौजेशी काही देणंघेणं नसलेल्या रयतेवर.

निजामाच्या जुन्या फौजेत पगार महिनोन्‌महिने तुंबत. थकबाकीसाठी अरब आणि रोहिले शिपाई अंमलदारांच्या दारात धरणं धरून बसत. अशा दरबारात कंपनीचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटण उभारली, तीच पुढची कंटिंजंट, आणि तिचा पगार चुकू दिला नाही. तिच्या घोडदळात शिलेदारी चाले: घोडा आणि हत्यार शिलेदाराचं, म्हणून त्याचा पगार पायदळाच्या शिपायापेक्षा जास्त. पण खजिना पोखरला गेला तो मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भरमसाट पगार-भत्त्यांनी. खर्च वर्षाला ४० लाखांच्या घरात गेला. आधी पामर कंपनी या खासगी पेढीचं जबर व्याजाचं कर्ज, मग खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचं, आणि शेवटी मुलूखच तारण.

कर्ज निजामानंच केलं, मग दोष कंपनीला का, असं कोणी विचारील. निजामाचे दिवाण चंदुलाल यांचा कारभार उधळा होता, हे मान्यच. पण कंपनीशी झालेल्या १८०० च्या तहाप्रमाणे निजामानं जादा फौज द्यायची होती ती युद्धाच्या वेळी. शांततेच्या काळात कंटिंजंट पोसण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं, हे गव्हर्नर जनरल डलहौसीनंही मान्य केलं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपनीच्या अमलात रयतेचं भलंच झालं. तिथले अंमलदार मेडोज टेलर यांनी नळदुर्गात मन लावून काम केलं; रस्ते, तलाव, जमीनमोजणी यांकडे लक्ष दिलं. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. तरीही त्या मुलखाच्या महसुलावर पहिला हक्क फौजेच्या पगाराचा होता. चांगला अंमलदार मिळाला म्हणून तारण न्याय्य ठरत नाही.

शिवाय तारण सोडवण्याची पद्धतही पाहावी. १८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं. त्याबद्दल १८६० च्या तहानं ५० लाखांचं कर्ज माफ झालं, नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र कंपनीच्या जागी आलेल्या ब्रिटिश सरकारनं ठेवून घेतलं, आणि त्याचा जमाखर्च मागण्याचा निजामाचा हक्कही काढून घेतला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. जिच्या पगारासाठी वऱ्हाड घेतलं होतं ती फौज उरली नाही, पण वऱ्हाड परत मिळालं नाही.