रोजची सतरंजी – लेखांक ९ : अभ्यासाला बसणं

आमच्या गावाबद्दल दोन म्हणी चालतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आपसात वापरतो. ती कुठून आली यावर पारावर दोन मतं असतातच, पण सूर सगळ्यांना कळतो : जमलं तर जमलं. मागच्या आठवड्यात ताडासनात दोन्ही तळव्यांवर सारखा भार कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यानंतर भेटलेल्या तिघा-चौघांनी एकच विचारलं : हे रोजच करावं लागतं का? जमेल तसं, आठवड्यातून दोनदा केलं तर? म्हणजे पुन्हा बनी तो बनी.

म्हणून या वेळी आसन नाही. एक शब्द घेऊ : अभ्यास.

आपण लेकराला ‘अभ्यासाला बस’ म्हणतो, तेव्हा त्याने पुस्तक उघडावं अशी अपेक्षा असते. योगातला अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणं. मराठीने दोन्हीला एकच शब्द ठेवला, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. नागपुरात जनार्दनस्वामींनी सुरू केलेल्या मंडळाचं नावही योगाभ्यासी मंडळ. योगी व्हायची घाई नाही; अभ्यासी असलात तरी पुरे. आणि लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर दोन्ही अर्थ एकाच छपराखाली आणले. माणसं नौली, उड्डियान करत होती आणि पोटात नेमकं काय होतं हे ते क्ष-किरणांनी तपासत होते. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. कराही आणि तपासाही, अशी ती शिस्त होती.

पतंजलीने अभ्यास पक्का व्हायला तीन अटी घातल्या आहेत. पुष्कळ काळ करा, खंड पडू देऊ नका, आणि आदराने करा. पहिल्या दोन अटी सगळे सांगतात. तिसरी गळते. मूळ शब्द आहे ‘सत्कार’, ज्यासाठी आपण शाल-श्रीफळ घेऊन उभे राहतो तोच. सतरंजी टाकून एका हाताने मोबाईल चाळत पवनमुक्तासन करणं हा काही सत्कार नव्हे. अर्धा तास कसाबसा उरकण्यापेक्षा दहा मिनिटं मान देऊन केलेली बरी, असं माझं मत आहे; वर्गातल्या काहींना ते पटत नाही.

आता खंडाबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज करायची एकेक नवी गोष्ट निवडायला लावली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला. पण कुणाचे १८ दिवस होते, तर कुणाचे हिशेबाने २५४! आपल्याकडे शिबिरांच्या फलकांवर दिसणाऱ्या ‘२१ दिवसांत’ला यातून आधार मिळत नाही. त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते : एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. नोंदींत तो खड्डा जवळजवळ दिसतच नाही. खंड पडतो तो दुसऱ्या दिवशी ‘आता काय, मोडलंच की’ असं म्हणून आपण गादीवर लोळत राहतो तेव्हा.

परभणीत ही सबब फार सोपी आहे. २०१८च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे फरशीवर पाठ टेकवायची म्हणजे छातीच लागते. मे महिन्यात उलटं, साडेसहालाच घाम फुटतो. मधल्या दिवसांत लग्नसराई, हुरडा, घरी पाणी भरायचा दिवस. माझा स्वतःचा नियम साधा आहे. ज्या दिवशी काहीच होणार नाही असं दिसतं, त्या दिवशी नुसती सतरंजी पसरायची, तिच्यावर उभं राहायचं, पाच श्वास मोजायचे आणि घडी घालायची. हसू येतं, पण दुसऱ्या दिवशी सतरंजी काढायला हात लवकर जातो.

एवढं करून माणूस वाढतो म्हणजे नेमकं काय वाढतं? बी. के. एस. अय्यंगारांचं उदाहरण घ्या. लहानपणी दुखण्यांनी पोखरलेला हा मुलगा १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. समोरचे कॉलेजचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा धडधाकट होते. शिकवायचं तर स्वतःला येणं भाग, म्हणून तासन्‌तास एकट्याने करून पाहणं सुरू झालं. कुठला स्नायू ओढला की श्वास अडतो, हे त्यांनी आपल्याच दुखऱ्या अंगावर शोधलं. २०१४ मध्ये पुण्यातच ते वारले, पंचाण्णवाव्या वर्षी, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा अभ्यास सुटला नव्हता. त्यांची लवचीकता फोटोत दिसते. स्वतःच्या कमीपणाकडे न लाजता बघत राहण्याची ताकद काही फोटोत येत नाही.

आमच्या वर्गात मागच्या वर्षी शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी आल्या. गुडघे धरले होते, डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “आमी दिसभर वाकूनच असतो की. इथं येऊन आनिक कामून वाकायचं?”

प्रश्न खरा होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली. दळता-कांडताना तिने नाम घेतलं आणि तेच तिचं साधन झालं. मग खुरपणी, वेचणी हा योग का नाही? बराच विचार करून मी सांगितलं ते असं : खुरपताना अंग कामाच्या मागे जातं. पात संपवायची असते, शेजारणीच्या मागे राहायचं नसतं, मुकादमाची नजर असते. कंबर एकाच बाजूला, एकाच कोनात तासन्‌तास राहते आणि ती ओरडली तरी ऐकायला कुणी मोकळं नसतं. सतरंजीवर काम काहीच नाही. तिथे फक्त कंबर काय म्हणते ते ऐकायचं. जनाबाईचं लक्ष दळण संपण्याकडे नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मावशींना हे कितपत पटलं कोण जाणे. पण येत राहिल्या. गुडघ्यामुळे वज्रासन त्यांना कधी दिलंच नाही. खुर्चीचा आधार घेऊन उभ्याची आसनं आणि श्वास, एवढंच. सोयाबीनच्या काढणीत तीन आठवडे गायब होत्या, मग परत आल्या.

दिवाळीनंतर एकदा वर्ग संपल्यावर सतरंजीची घडी घालता घालता म्हणाल्या, “काल कापूस वेचताना मदीच उटून हुबी राहिले. हात वर केले, तीन डाव श्वास घेतला. मुकादम म्हनला, काय झालं? म्हनलं, काई नाई. कंबर सरळ करायलेय, मंग बसते.”

“मग?”

“मंग काय, बसले. तीस वर्सांत पयल्यांदा हुबी राहिले होते मदी.”

पुढच्या आठवड्यात : उभ्याने करायची तीन आसनं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी.