नर्स ड्युटीवर हसतात, ते नेमकं कशासाठी?

आपला माणूस अ‍ॅडमिट असताना नर्सिंग काउंटरवरून हसण्याचा आवाज आला की नातेवाइकांचं डोकं फिरतं. ‘पेशंट तळमळतोय आणि या हसतायत!’ म्हणत कुणी मोबाइल काढून व्हिडिओही करतं. पण ड्युटीवरचं हसणं म्हणजे दरवेळी टाइमपास नसतो.

हसायला विनोद लागतो का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या गप्पांमधल्या हसण्याच्या सुमारे १,२०० प्रसंगांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक हसू विनोदावर नव्हे, अगदी साध्या वाक्यांवर आलं होतं. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता.

संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आपली अडचण सांगताना माणूस मध्येच हसतो. ऐकणारा मात्र सहसा हसत नाही, तो अडचणीबद्दल बोलतो.

वॉर्डात याचा काय संबंध?

समजा, पालेगावातली एक नवी नर्स शेअर रिक्षाने अंबरनाथ स्टेशन गाठून लोकलने ड्युटीवर पोहोचली. नाइटच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती घेताना ती हसत विचारते, “सिस्टर, ही सिरिंज ४०चीच ना? मी आपलं उगाच विचारतेय हं!”

हा प्रश्न उगाच नाही. भारतात इन्सुलिन प्रति मिली ४० आणि १०० युनिट अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतं आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. म्हणजे अडीचपट! साखर इतकी उतरू शकते की जिवावर बेतेल.

त्या हसण्यामागे शंका आहे आणि विचारण्याचा संकोचही. सिस्टरने सिरिंज बघून नीट उत्तर दिलं, तर विषय तिथेच मिटतो. ‘एवढंही येत नाही?’ म्हणत सगळ्या हसल्या, तर ती पुढच्या वेळी विचारणारच नाही.

हसण्यातही सीनियर-ज्युनियर

समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातल्या स्टाफच्या मीटिंगा अभ्यासल्या. १९६० च्या त्यांच्या लेखानुसार विनोद जास्त करत होते ते सीनियर डॉक्टर. त्यांच्या विनोदाचा रोख बहुतेक वेळा खालच्यांकडे असायचा, वरच्यांकडे जवळपास कधीच नाही. म्हणून ज्युनियर हसली, याचा अर्थ तिला ते पटलं किंवा समजलं असा होत नाही.

मग सगळं हसणं चांगलंच?

नाही. पेशंटच्या दुखण्यावर, जातीवर किंवा भाषेवर हसणं हा अपमानच, त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण दोघी नर्स आपसात हसताना दिसल्या, तर मोबाइल काढण्याआधी जवळ जाऊन आपल्या पेशंटबद्दल विचारा. उत्तर नीट मिळतंय का, हे त्या हसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.