ट्रॅप कॅमेऱ्यासाठी लोकवर्गणी : काही अनुभव

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात वन्य प्राण्यांची चित्रे असतात. परंतु आपल्याच शाळेच्या कुंपणापलीकडे रात्री कोण वावरते, याचे उत्तर त्या पुस्तकात सापडत नाही. ते उत्तर ट्रॅप कॅमेरा देतो. केंद्रसभांतून अनेक शिक्षकबंधुभगिनींनी हे साधन शाळेस कसे मिळवावे, अशी पृच्छा केली, म्हणून हे टिपण.

उष्ण शरीराचा प्राणी समोरून गेला की कॅमेऱ्यातील संवेदकास त्याची चाहूल लागते व छायाचित्र आपोआप निघते. कल्पना जुनीच आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात वाटेवर तार ताणून वाघांची अशीच छायाचित्रे मिळविली होती. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अकोले तालुक्याचे आहे. तेथील शेतीभागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे होते, आणि जवळजवळ तितकीच तरसे. रानमांजर व वाघाटीही तेथे आढळली. उसाच्या फडालगतची शाळा हीसुद्धा अभ्यासाची जागा होऊ शकते, हे यावरून ध्यानी येईल.

आता पैशाचा प्रश्न. साधा कॅमेरा काही हजार रुपयांस मिळतो, पण गाव प्रथम विचारते, "बिबट्या आहे हे आम्हांला ठाऊक आहे, त्याचा फोटो काढून काय मिळणार?" हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. माझ्या बिटातील एका शाळेने वर्गणी मागण्यापूर्वी महिनाभर निराळेच काम केले. सायंकाळी बांधालगत बारीक मातीची हातभर रुंद पट्टी सारवल्यासारखी सपाट करावयाची आणि सकाळी तीवरील ठसे मुलांनी वहीत काढावयाचे. खर्च शून्य. ती वही ग्रामसभेत फिरली. उंदीर खाणारे रानमांजर आपल्याच शेतात येते, हे पाहून ज्या शेतकऱ्यांनी आधी मान हलविली होती त्यांनीच शैक्षणिक उठावात पहिली पावती फाडली. मुलांकडून मात्र सक्तीने एक रुपयाही घेऊ नये. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करून प्रत्येकास पावती द्यावी.

मागणी करताना केवळ कॅमेऱ्याची किंमत सांगणे ही हमखास होणारी चूक. अनेक कॅमेऱ्यांना आठ सेल लागतात. पुन्हा भरता येणारे सेल, त्यांचा चार्जर, दोन मेमरी कार्डे, साखळी व कुलूप हे सारे पहिल्याच अंदाजपत्रकात धरावे. नाहीतर दुसऱ्या महिन्यात कॅमेरा कपाटात जातो. तशी कपाटे मी पाहिली आहेत.

दुसरी चूक माझ्या हातून झाली. एका गावी कॅमेरा पाणवठ्याच्या पायवाटेवर लावण्यास मीच होकार दिला. आठवड्याने पाहतो तो बहुतेक चित्रे पहाटे जाणाऱ्या स्त्रियांची! मुलांनी पाहण्यापूर्वी ती पुसली, तरी बोभाटा झालाच, आणि वर्गणीदारांनी पैसे परत मागितले. त्यांचे काही चुकले नाही. गावाचा विश्वास परत मिळविण्यास वर्ष गेले. तेव्हापासून माझा आग्रह असतो की कॅमेरा मालकाच्या संमतीने शेताच्या बांधावर, गुडघ्याइतक्या उंचीवर व माणसांच्या वाटेकडे पाठ करून लावावा. जागा महिलांना आधी दाखवावी. कार्ड प्रथम शिक्षकाने एकट्याने पाहावे आणि माणसांची चित्रे तत्काळ पुसावीत. वनजमिनीवर वनविभागाच्या लेखी परवानगीवाचून कॅमेरा लावू नये.

कार्ड आणण्यास विद्यार्थ्यांना एकटे धाडू नये. शिक्षकाने स्वतः भर दिवसा जावे. बिबट्याचे चित्र निघाल्यास ते भ्रमणध्वनीवरून गावभर पाठविण्यापूर्वी वनरक्षकास दाखवावे, आणि नेमकी जागा वहीतसुद्धा लिहू नये.